कोचीहून चालवत आणलेलं घर

आमच्या गल्लीत ही गाडी मावत नाही. ती पलीकडच्या मैदानाच्या कडेला उभी असते आणि येणारा-जाणारा खिडकीला नाक लावून आत बघतो. मग आमच्या दाराशी येऊन विचारतो, "वहिनी, एवढी गाडी केरळातनं तुम्ही चालवत आणलीसा?" मी हो म्हणते. "आणि साहेब?" साहेब शेजारी बसले होते. विश्वास बसत नसेल तर त्यांनाच विचारा, म्हणते.

त्यात एवढं नवल नाही. कोल्हापुरात शाळेच्या मुलांची व्हॅन मी पंधराएक वर्षं चालवली. रंकाळ्याच्या कडेनं, राजारामपुरीच्या गल्ल्यांतून, मागं वीस दप्तरं आणि तेवढाच कालवा घेऊन. मुलांसकट जी बाई वेळेवर शाळेत पोचते तिला हायवेची भीती वाटत नाही.

गाडी घेण्याचं कारण वेगळं होतं. ते लिहू का, असं मी घरात विचारलं. "लिही की," हे म्हणाले, "फोटो तेवढा टाकू नको."

हे म्हणजे दिलीप, माझे पती. घरात मी "अहो"च म्हणते. इथं नाव लिहिते, वाचून त्यांना हसू येईल. कागलच्या पंचतारांकित एमआयडीसीत मशीन शॉपला होते. दोन वर्षांमागं त्यांना आतड्याचा कॅन्सर निघाला. ऑपरेशन चांगलं झालं, रोग गेला. पण शौचाची वाट डॉक्टरांनी पोटावरून काढली. पोटाला कायमची पिशवी. ती दिवसातून काही वेळा रिकामी करायची, धुवायची, अधूनमधून बदलायची. पाणी, आडोसा आणि दहा मिनिटं मिळाली की काम झालं. पण आपल्याकडं लग्नाच्या हॉलमध्ये, एसटी स्टँडवर, कुणाच्या घरी ती दहा मिनिटं कुठं मिळतात? शिवाय पोटातून मध्येच आवाज येतो. तो थांबवता येत नाही.

म्हणून यांनी बाहेर पडायचंच सोडलं. आधी लग्नं सुटली, मग बारशी, मग चौकातला चहा. नातेवाइकांना "ऑपरेशन झालं, बरे आहेत" एवढंच सांगितलं होतं. पिशवीचं कुणालाच नाही. डॉक्टर म्हणत होते, सगळं खा, सगळीकडं जा. हे ताकभात खात आणि टीव्ही बघत.

एक दिवस मी व्हॅन विकून टाकली आणि जुनी मोटरहोम शोधायला लागले. संडास-बाथरूम बरोबर घेऊनच निघायचं. मग बघू कोण घरात बसतंय.

आलुवा

पसंत पडलेली गाडी कोचीजवळ आलुवाला होती. टेम्पो ट्रॅव्हलरच्या चॅसिसवर बांधलेली. मागं पलंग, मधे ओटा आणि फ्रिज, दाराजवळ संडास-बाथरूम. मालक मॅथ्यू सर आणि त्यांच्या पत्नी रोझम्मा. आखातात नोकरी करून परतलेलं जोडपं. गुडघ्यांनी साथ सोडली म्हणून गाडी विकत होते.

आम्ही रेल्वेनं गेलो. पूर्ण प्रवासात दिलीपनी चार बिस्किटं खाल्ली. पोट रिकामं ठेवलं की संकट टळतं, असा त्यांचा हिशोब. आलुवा स्टेशनवर ते कठडा धरूनच जिना उतरले.

मॅथ्यू सर बॉनेट उघडून दिलीपना इंजिन समजावून सांगू लागले. ऑइल, क्लच, मायलेज. दिलीपनी बराच वेळ मान डोलावली आणि मग माझ्याकडं बोट केलं. "शी ड्राइव्ह. आय सीट."

सरांनी माझ्याकडं पहिल्यांदा नीट बघितलं. मी किल्ली मागितली. पेरियार नदीवरच्या पुलावरून चक्कर मारली, एका चढावर मुद्दाम थांबवून परत उचलली, करकचून ब्रेक लावून बघितला. गाडी मागून जड होती. क्लच जरा वरच धरत होता, बाकी दणकट. परत आले तेव्हा रोझम्मा फाटकातच उभ्या होत्या. त्यांनी माझ्या पाठीवर थाप मारली. वीस वर्षं त्याही शेजारीच बसल्या होत्या, असं नंतर कळलं.

जेवायला कप्पा होता, म्हणजे उकडलेला साबुकंद, आणि लालभडक माशांची आमटी. दिलीपनी नुसता कप्पा खाल्ला. "पोट जरा नरम हाय," म्हणाले. मला माहीत होतं, पोट नव्हे, मन.

दुसऱ्या दिवशी सकाळी त्यांनी डॅशबोर्डवर बुद्धाची छोटी मूर्ती चिकटवली. आम्ही दोघांनी त्रिसरण म्हटलं, रोझम्मांनी क्रॉसची खूण केली, आणि मी पहिला गिअर टाकला.

किनाऱ्यानं वर

ज्यांनी तिकडं गाडी चालवलेली नाही त्यांना एक सांगते. आपल्या उसाच्या ट्रॅक्टरला मागून कितीही हॉर्न द्या, तो हलत नाही. तिकडच्या खाजगी बस याच्या उलट. त्या थांबतच नाहीत. आरशात एक लाल ठिपका दिसतो आणि तुम्ही काही ठरवायच्या आत तो शेजारून वारा घालून गेलेला असतो. त्रिशूरपर्यंत मी दबकून चालवली. पुढं मात्र माझी जागा मी सोडली नाही. शेवटी मोठी गाडी माझीही होती.

हायवेचं काम सगळीकडं चालू. वळसा, खड्डा, परत वळसा. अशाच एका खड्ड्यात फ्रिजचं दार उघडलं आणि रोझम्मांनी दिलेलं दह्याचं पातेलं पलंगापर्यंत गेलं.

"थांबव! दही आलं, दही!" दिलीप ओरडले.

"थांबवतो कुठं? मागं बस हाय!" आमच्याकडं बायकाही "जातो, करतो"च म्हणतात, तसं मी ओरडले. ते माझी जुनी साडी घेऊन चालत्या गाडीत गुडघ्यांवर बसून फरशी पुसत होते आणि प्रत्येक वळणाला दह्याबरोबर सरकत होते. पुसता पुसता हसायला लागले. त्यांचं ते खदखदून हसणं मी विसरूनच गेले होते. आरशात बघायचा मोह आवरून मी समोर बघत राहिले.

दुपारी कन्नूरच्या अलीकडं रस्त्याकडेच्या खाणावळीत थांबलो. केळीच्या पानावर जाड तांबूस भात, ताक, दोन भाज्या, तळलेला बांगडा. दिलीप आधी बाथरूममध्ये गेले. आपल्याच गाडीत, आपलंच दार लावून. दहा मिनिटांनी हात पुसत बाहेर आले, समोर बसले आणि माझ्या पानाकडं बघून म्हणाले, "तो बांगडा कसा हाय?"

"चांगलाय."

"मलापण सांग की एक."

एक सांगितला. तो संपल्यावर त्यांनी वाढप्याला स्वतः खूण करून दुसरा मागवला. मी पानात मान घालून भात कालवत राहिले. काही बोलले असते तर त्यांनी हात आखडता घेतला असता.

संध्याकाळी कासरगोडच्या पुढं पेट्रोल पंपावर मुक्काम केला. इथं एक गोष्ट लपवत नाही, कारण सगळे तेच विचारतात. संडासाची टाकी रिकामी करावी लागते. पंपवाल्याला विचारून, त्याच्या संडासात, हातमोजे घालून, पाइप लावून. ते काम दिलीपनी अंगावर घेतलं. "माझ्यामुळं आणलीयास, माझ्याकडं राहू दे," म्हणाले. मी हरकत घेतली नाही.

पुलाखाली

मंगळुरात नीर डोसे खाल्ले. पांढरे, जाळीदार, रुमालासारखे दुमडलेले; आपली घावनं यांची थोरली बहीण म्हणायला हरकत नाही. पुढं उडुपी गेलं. कुंदापूरच्या आसपास हायवेवर गाड्यांची रांग लागली होती. मोबाइलच्या नकाशानं आतला रस्ता दाखवला आणि मी वळले. चूक माझीच.

रस्ता छान होता. दोन्हीकडं नारळ, पोफळी, मधे भाताच्या कापलेल्या वावरांत बगळे. मग तो अरुंद झाला, उतरला आणि एकदम रेल्वेच्या पुलाखाली गेला. कमानीवर उंचीची पाटी होती. छपरावरचा एसी धरून आमची गाडी त्याच्यापेक्षा चांगली हातभर उंच. मी ब्रेक दाबला. आरशात बघते तर मागं एक मिनी बस, तिच्या मागं माशांचा टेम्पो आणि रिक्षांची माळ. दोन्हीकडं दगडी बांध. वळायला जागा नाही. सगळ्यांनी मिळून हॉर्न सुरू केले.

मागं घेणं हा एकच इलाज होता. मला रिव्हर्स येतो, चांगला येतो. पण गाडी लांब, मागची काच पडद्यानं झाकलेली आणि बसवाल्याला मी काय करणार ते कळत नव्हतं. कुणीतरी खाली उतरून सगळ्यांना मागं सारायला हवं होतं.

मी दिलीपकडं बघितलं. त्यांनी आलुवाला घेतलेली सैल लुंगी नेसली होती, पिशवीवर दाब येत नाही म्हणून. त्यांचा हात पोटावर गेला. दोन वर्षांत हा माणूस चार अनोळखी लोकांपुढं उभा राहिला नव्हता.

"मी उतरतो," मी म्हटलं. "तुम्ही स्टिअरिंगला बसा."

"मला येतं व्हय रिव्हर्स?" ते म्हणाले. दार उघडून उतरले.

मग मला आरशात दिसलं ते असं. लुंगी अर्धी खोचलेली, एक हात पोटावर, दुसरा हवेत. रस्त्याच्या मधोमध उभे राहून मशीन शॉपमधल्या आवाजात ओरडताहेत. "ओ पावणं! मागं घ्या की! हिंद होग्री, हिंद!" कागल-निपाणीच्या सीमेवर नोकरी केल्यानं यांना मोडकंतोडकं कानडी येतं, त्याचा असा उपयोग होईल असं वाटलं नव्हतं. बसच्या ड्रायव्हरनं काचेतून डोकं काढून वाद घातला. यांनी पुलाकडं, आमच्या छपराकडं आणि मग त्याच्या बसकडं बोट दाखवून असं काही सुनावलं की तो हसला आणि मागं सरकू लागला. मग टेम्पो, मग रिक्षा. मी काच खाली करून त्यांच्या हाताबरोबर इंच इंच मागं येत होते. "ये, ये, ये... डावीकडं बांध हाय, डावीकडं बघ... बास!"

मागं एका घराचं फाटक होतं. ते उघडं बघून मी गाडी वळवायला आत घातली. आणि चाकाखाली काहीतरी कडकड वाजलं.

सुपारीचं अंगण

अंगणभर सुपाऱ्या वाळत घातलेल्या होत्या. माझं मागचं चाक त्यांवर चढलं होतं. घरातून एक म्हाताऱ्या बाई हातात झाडू घेऊन आल्या आणि त्यांनी जे सुरू केलं ते समजायला भाषा लागत नव्हती. मी उतरून हात जोडले. भरून देते म्हटलं, तर त्यांनी झाडू हवेत फिरवून ते उडवून लावलं.

त्यांचं नाव कमलाक्का. पुतण्या भटकळला गेला होता, सून शेतात. दम खाऊन झाल्यावर त्यांनी गाडीत डोकावून बघितलं, ओटा बघितला, पलंग बघितला, बाथरूमचं दार उघडून बघितलं, आणि त्यांचा राग कुठं गेला कळलंच नाही. आता दिवस मावळत आला, रात्रीचे कुठं जाता, इथंच राहा, असं त्या हातांनी आणि कानडीनं म्हणाल्या. दिलीपनी मला मराठीत सांगितलं.

पायरीवर बसून चहा पिताना दिलीपच्या पोटातून तो आवाज आला. मोठा आला. घरी असं झालं की हे उठून आत जायचे आणि तासभर बाहेर यायचे नाहीत.

कमलाक्कांनी सरळ विचारलं, "येनायितु?" काय झालं?

दिलीपनी कप खाली ठेवला. त्यांच्याजवळ कानडी शब्द फार नव्हते. आडवळणानं सांगायला, विषय बदलायला, वेळ मारून न्यायला भाषा यावी लागते. ती नव्हतीच. त्यांनी पोटावर हात ठेवला आणि म्हणाले, "रोग. आपरेशन. चीला." चीला म्हणजे पिशवी.

दोन वर्षं मराठीत ज्याचा उच्चार झाला नव्हता ते तीन शब्दांत सांगून झालं.

कमलाक्कांनी त्यांच्या पोटाकडं बघितलं, तोंडाकडं बघितलं. "इवाग?" आता?

"इवाग चलो हाय," दिलीप म्हणाले. चलो म्हणजे चांगलं. अर्धं त्यांचं, अर्धं आपलं.

"मग उठा," अशा अर्थाचं काहीतरी म्हणून त्यांनी दिलीपच्या हातात लाकडी फावडं दिलं. दव पडायच्या आत सुपाऱ्या गोळा करून झाकायच्या होत्या. दिलीपनी पूर्ण अंगण ओढलं. मी आणि कमलाक्का टोपल्या भरत होतो. वाळलेल्या सुपाऱ्यांचा दगडांसारखा खळखळाट आणि त्या बाईंच्या सूचना, मधूनमधून यांचं "हौदु, हौदु", म्हणजे हो, हो. काम झाल्यावर त्यांनी रताळ्याच्या शेंगदाणे घातलेल्या भाजीबरोबर लाल भात वाढला. दिलीपनी काही न विचारता ताट पुढं केलं.

त्या रात्री गाडीत झोपताना ते म्हणाले, "त्या बाईला काहीच वाटलं न्हाय गं."

"काय वाटायचं?"

"व्हय की," ते म्हणाले. बराच वेळ जागे होते. मी मात्र झोपले. सकाळी गाडी मला चालवायची होती.

घाट

कारवारचा पूल, मग गोवा, मग सावंतवाडीला रात्रीचा मुक्काम. मराठी पाट्या दिसू लागल्या तशी मला घरची ओढ लागली. तळेऱ्याजवळ आम्ही हायवे सोडला आणि वैभववाडीवरून करूळ घाटाला लागलो. वर गगनबावडा, पुढं सरळ कोल्हापूर.

घाट सकाळी चढले. खाली कोकणात ऊन होतं. निम्म्यात आलो तर ढग अंगावर. दहा पावलांपुढचं दिसेना. दुसऱ्या गिअरमध्ये, दिवे लावून, वळणाआधी हॉर्न देत मी गाडी वर काढत होते. एका बाजूला भिजलेला कातळ, दुसऱ्या बाजूला नुसता पांढरा कापूस. इंजिन एका लयीत घुमत होतं. खरं सांगते, पूर्ण प्रवासात मला सगळ्यांत जास्त आनंद त्या घाटात झाला. जड गाडी तुमचं ऐकते आहे, हे हाताला कळतं.

दिलीप समोरच बघत बसले होते. मला वाटलं दरीला घाबरले. गगनबावड्याला चहाला थांबलो तेव्हा म्हणाले, "अक्काच्या घरावरनं जाणार न्हवं आपण?"

अक्काताई म्हणजे त्यांची थोरली बहीण. आई लवकर गेल्यावर तिनंच यांना वाढवलं. साळवणच्या अलीकडं, कुंभी नदीच्या काठाला असलेल्या एका गावात राहते. मागच्या वर्षी तिच्या मुलीचं लग्न झालं आणि मामा म्हणून उभं राहायचं सोडून हे घरात बसले. ताप आलाय, असं कळवलं. तेव्हापासून अक्काताईंनी फोन केला नव्हता. यांनीही नाही.

"जायचंय?" मी विचारलं.

"तू गाडी उभी कर. मग बघू."

अक्काताई

ऊसतोडीचे दिवस. रस्ताभर ट्रॅक्टर, दोन-दोन ट्रॉल्या मागं डुलत. त्यांच्यातून वाट काढत मी गाडी गावात घातली आणि अक्काताईंच्या दारासमोरच्या चिंचेखाली उभी केली. गाव गोळा व्हायला वेळ लागला नाही. अक्काताई गोठ्यातून शेणाचे हात घेऊन आल्या. आधी गाडी बघितली, मग मला, मग खाली उतरणाऱ्या भावाला.

"कोण पावणं आलं म्हणायचं?" त्या म्हणाल्या. हसल्या नाहीत.

"अक्का, मी."

"दिसतंय. ताप उतरला व्हय? बरेच दिवस हुता."

गावातली माणसं एकमेकांकडं बघू लागली. मी पुढं होऊन काही बोलणार होते, पण दिलीपनी हातानं थांबवलं. तिथं सगळ्यांच्या देखत बोलायला लागले असते तरी मला नवल वाटलं नसतं, पण ते म्हणाले, "आत चल. सांगतो."

आत चुलीजवळ त्यांनी सांगितलं. उभ्यानंच. "ऑपरेशन झालं तवा पोटाला पिशवी लावलीया. संडास त्यात हुतो. कायमचं हाय. आवाज येतो, मला थांबवता येत न्हाय. मंडपात आला असता. म्हणून आलो न्हाय."

अक्काताई शेणाचे हात तसेच धरून ऐकत होत्या. मग त्यांनी बादलीत हात धुतले, पदराला पुसले.

"दाखव," म्हणाल्या.

दिलीपनी माझ्याकडं बघितलं. मग शर्ट वर केला. अक्काताई वाकून, डोळे बारीक करून नीट बघत राहिल्या. पोराला कुठं लागलंय ते आई बघते तसं. "दुखतं?"

"न्हाय."

"तू धुतोस का ही धुती?"

"मीच."

त्यांनी भावाचा शर्ट स्वतःच्या हातानं खाली ओढला, सारखा केला. आणि मग दोन्ही हातांनी यांच्या खांद्यांवर मारायला लागल्या. "एवढ्यासाठी? एवढ्यासाठी व्हय रं दिल्या? पोरगी मांडवात मामा मामा करत हुती! सगळ्या गावानं इचारलं, भाऊ कुठं हाय तुझा! काय सांगू मी?" मारता मारता त्या रडायला लागल्या आणि दिलीप तसेच उभे राहिले, एक हात पोटापुढं आडवा धरून. खांद्यावरचे रट्टे मात्र त्यांनी चुकवले नाहीत.

मी बाहेर येऊन चिंचेखाली उभी राहिले. गावातल्या बायकांना गाडी बघायची होती. त्यांना आत घेतलं. एकीनं बाथरूमचं दार उघडून विचारलं, "ह्यात पाणी कुठनं येतं वो?" मी टाकी दाखवली, बटण दाखवलं, वॉटर पंप सुरू केला.

जेवायला भाकरी, खरडा आणि गावठी कोंबडीचा रस्सा. अक्काताई भावाच्या ताटाशी बसून होत्या. "तिखट चालतं?" "चालतं." "मग घे की." पोटातून आवाज आला. अक्काताईंनी रश्श्याची पळी थांबवली नाही.

दुसऱ्या दिवशी सकाळी आवरून मी टायर बघितले, आरसे पुसले, इंजिन सुरू केलं. आता थेट घर. दिलीप अक्काताईंच्या घरातून टॉवेल खांद्यावर टाकून, दात घासत आले आणि माझ्या खिडकीशी उभे राहिले.

"बंद कर गाडी," म्हणाले.

"का? काय झालं?"

"फोन केलता रात्री. पोरगी यायला लागलीया सासरवरनं. जावई पण हाय. उद्या मटण करायचं म्हणतीया अक्का." आणि तोंडातली पेस्ट थुंकून, जरा लाजून, "त्यांना गाडी दाखवायची हाय मला."

मी इंजिन बंद केलं. तिथून आमचं घर तासाभरावर आहे. आम्हाला पोचायला चार दिवस लागले.